लकव्यानंतर रोबोटिक मशीनवर चालायचं ट्रेनिंग : कधी सुरू करायचं, काय विचारायचं, घरी काय करायचं

घरातल्या कुणाला लकवा मारला, एक बाजू गेली, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, अमुक ठिकाणी रोबोट आलाय, तिथे न्या, चालायला लागतील. मी फिजिओ आहे, या मशीनवर पेशंट चालवते, आणि घरच्यांचे तेच तेच प्रश्न रोज ऐकते, म्हणून सगळं एका ठिकाणी क्रमाने लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. मशीन पाय उचलून देतं, पण पेशंटने स्वतः जोर लावला नाही आणि मशीनवरून उतरल्यावर जमिनीवर तेच गिरवलं नाही तर पैसे गेले असंच समजा. बाकी सगळा लेख याच एका गोष्टीभोवती आहे.

मशीन नेमकं करतं काय

लकव्यानंतर मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण आजूबाजूचे भाग ते काम थोडंथोडं शिकून घेतात, आणि शिकायला त्यांना पाहिजे असतात पावलं, भरपूर पावलं. अडचण अशी की ज्याला उभंच राहता येत नाही त्याची पावलं होणार कशी? दोन माणसं धरून चालवतात, एक पाय पुढे ढकलतो, एक कंबर सांभाळतो, दहा मिनिटांत पेशंटही दमतो आणि धरणारेही. २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या रिहॅब (पुनर्वसन) केंद्रांमधली सेशन्स प्रत्यक्ष बसून मोजली गेली, तर चालण्याचा सराव झालेल्या सेशनमध्ये सरासरी ३५७ पावलं निघाली. आता मशीनचा हिशोब बघा, ताशी दीड किलोमीटर म्हणजे मिनिटाला २५ मीटर, पाऊल ४५ सेंटीमीटरचं धरलं तर मिनिटाला साधारण ५५ पावलं, वीस मिनिटांत ११०० च्या आसपास. मशीनचा खरा फायदा हा एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

प्रकार साधारण तीन. पहिला म्हणजे ट्रेडमिलवर पेशंटला वरून हार्नेसने, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांनी, टांगायचं आणि पायांना बाहेरून यांत्रिक पाय बांधायचे, खुबा आणि गुडघ्याला मोटर असते, स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचं लोकोमॅट हे यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. दुसऱ्या प्रकारात पावलं दोन पट्ट्यांवर ठेवतात आणि पट्ट्याच चालल्यासारख्या फिरतात, गुडघा मोकळा असतो त्यामुळे तो सांभाळायला फिजिओचा हात लागतो. बर्लिनमध्ये तयार झालेला गेट ट्रेनर हा त्या जातीचा. तिसरा म्हणजे अंगावर घालायचा सांगाडा, तो घालून जमिनीवरच चालायचं, एक्सो कंपनीच्या अशा सूटला अमेरिकेत लकव्याच्या पेशंटसाठी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्सने, म्हणजे मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट बनवला तीच कंपनी, जी-गेटर नावाचं चालण्याचं मशीन काढलंय, त्यामुळे हे सगळं परदेशीच असतं असं आता राहिलेलं नाही.

कुठलं मशीन चांगलं यावर लोक फार डोकं घालतात. माझं मत, मशीनच्या ब्रँडपेक्षा ते चालवणारा माणूस बघा.

पायरी १ : आधी ठरवा, आपल्या पेशंटला याची गरज आहे का

या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र करून कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०२० मध्ये आढावा काढला, ६२ अभ्यास, २४४० पेशंट. त्यातून निघालं ते असं की नेहमीच्या फिजिओथेरपीसोबत मशीन वापरलं तर स्वतःच्या पायावर, कुणाच्या आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला, तर लकवा होऊन तीन महिने झालेले नाहीत आणि ज्यांना अजून चालताच येत नाही त्यांना. सोबत हा शब्द महत्त्वाचा आहे, ऐवजी नाही. चालण्याचा वेग मात्र नावापुरताच वाढला.

उलट बाजूही ऐका. जे आधीच हळूहळू चालत होते अशा लोकांवर अमेरिकेत २००८ आणि २००९ मध्ये दोन अभ्यास झाले, त्यात फिजिओच्या हाताखाली चालणारे लोक मशीनवाल्यांपेक्षा जास्त सुधारले. कारण उघड आहे, चालता येणाऱ्याला मशीनने चालवलं की त्याची मेहनत कमी होते, तो आयता चालतो.

म्हणजे आई बेडवरून खुर्चीत बसते, उभं केलं की गुडघा वाकतो, दोन माणसं लागतात, आणि लकव्याला दीड महिना झालाय, तर मशीनचा विचार जरूर करा. बाबा काठी घेऊन सोसायटीत फेरी मारतात आणि फक्त पाय ओढतात, तर तेच पैसे चांगल्या फिजिओवर आणि पायाच्या स्प्लिंटवर (चवडा खाली पडू न देणारा आधार) घाला. दोन वर्षं झालेल्या पेशंटला काहीच फायदा नाही असं मी म्हणणार नाही, पण "शंभर टक्के चालतील" असं जो सेंटरवाला सांगतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

आणि घाईही करू नका. अ‍ॅव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, २१०४ पेशंटचा, त्यात लकव्यानंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार चालवायचा प्रयत्न केलेल्यांचे रिझल्ट थोडे वाईटच आले. पहिले दिवस डॉक्टर सांगतील तेवढंच.

पायरी २ : डॉक्टरांकडून लेखी परवानगी

न्यूरोलॉजिस्टकडून किंवा रिहॅबच्या डॉक्टरांकडून कागद घ्या आणि त्यात बीपी आणि नाडीची वरची मर्यादा लिहून मागा, तोंडी नको, कारण मशीनवर उभं केल्यावर फिजिओला आकडा हवा असतो. हृदयाचा त्रास, अँजिओप्लास्टी, फिट येणं, हाडं ठिसूळ असणं, जुनं फ्रॅक्चर, पाठीवर किंवा टाचेवर जखम, लघवीची नळी, हे सगळं न विचारता सांगायचं. गुडघा किंवा खुबा आखडून सरळच होत नसेल, हाड नीट जुळलेलं नसेल, बीपी अजून वरखाली होत असेल, साध्या सूचना कळत नसतील तर मशीन थांबवावं लागतं. मापाचीही मर्यादा असते, लोकोमॅटला पेशंटचं वजन १३५ किलोपर्यंत चालतं आणि मांडीची लांबी ठरावीक मापात बसावी लागते, म्हणून लांबून गाडी करून यायच्या आधी फोनवर वजन-उंची कळवा.

एक गोष्ट तळमळीने सांगते. लकव्याच्या पायाची पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तेल लावून चोळू नका. आपल्याकडे मालिशवाला लगेच बोलावतात. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्या दिवशी व्यायाम नाही, मशीन नाही, सरळ डॉक्टर, डॉपलर (रक्तवाहिन्या बघायची) सोनोग्राफी.

पायरी ३ : सेंटर बघायला जा, पैसे नंतर

पेशंटला न नेता आधी एकटे जा आणि अर्धा तास कुणाचं तरी सेशन बघा. फिजिओ पेशंटशी बोलतोय का, सेटिंग बदलतोय का, की बेल्ट लावून मोबाईल घेऊन बसलाय? हे दिसलं की पुढचे प्रश्न निम्मे कमी होतात. तरी विचारा: एका सेशनमध्ये प्रत्यक्ष चालणं किती मिनिटं (बांधायला-सोडायला पंधरावीस मिनिटं जातात, ती धरून ४५ की सोडून?), मशीननंतर जमिनीवर चालवता का, दर वेळी तोच फिजिओ असेल का, आणि दोन आठवड्यांनी प्रगती कशी मोजणार. शेवटच्या प्रश्नाला "दिसेलच की" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

पॅकेज एकदम ३० सेशनचं घेऊ नका. सहा-आठचं घ्या, मोजा, मग पुढे. मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतो, पण फिजिओथेरपी त्यात धरतात का ते पॉलिसीत वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तारखेची बिलं जपून ठेवा. दागिने मोडून, कर्ज काढून मशीनमागे धावू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

पायरी ४ : सुरुवातीचं मोजमाप

पहिल्या सेशनच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या. एक, किती आधार लागतो, फिजिओ याला ० ते ५ मध्ये आकडा देतात, ० म्हणजे चालताच येत नाही किंवा दोन माणसं लागतात, ५ म्हणजे जिन्यावर, खडबडीत रस्त्यावर सगळीकडे एकटा चालतो. दोन, चालता येत असेल तर दहा मीटरला किती सेकंद. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर चालणं घरापुरतंच राहतं, साडेबाराच्या आत आले तर माणूस बाजारात, रस्त्यावर जाऊ शकतो, मधले लोक मधे. तीन, खुर्चीवरून उठताना आणि चालताना समोरून आणि बाजूने मोबाईलवर व्हिडिओ. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, व्हिडिओत कळतो.

पायरी ५ : सेशनचा दिवस

जेवण दीड तास आधी झालेलं असावं, शुगर असेल तर गोळी-इन्सुलिन आणि नाश्ता चुकवू नका, बीपीची गोळी घेऊनच या. लघवी करून या, डायपर असेल तर ताजं. कपडे म्हणजे सुती ट्रॅक पँट, घोट्यापर्यंत लांब, जाड शिवण नसलेली. साडी किंवा गाऊनवर हार्नेस नीट बसत नाही आणि आजींना संकोच होतो तो वेगळाच, त्यामुळे आदल्या दिवशी घरीच पँट घालून बघा. बूट लेसचे, टाचेला घट्ट.

आधी बसून बीपी, मग उभं करून बीपी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर झोपवायचं, त्या दिवशी फक्त उभं राहण्याचा सराव. मग हार्नेस. कमरेचा पट्टा नाभीच्या खाली घट्ट, मांड्यांमधले पट्टे जांघेत काचत नाहीत ना ते हात घालून बघायचं. लकव्याच्या बाजूला स्पर्श कळत नाही, त्यामुळे पेशंट "ठीक आहे" म्हणेल आणि आत कातडी सोलत असेल. म्हणून मी पेशंटला विचारतेही आणि स्वतः बघतेही. लुळा हात तसाच लोंबकळत ठेवायचा नाही, खांदा उतरतो, त्याला स्लिंग किंवा पुढे टेकायला आधार. मशीनच्या गुडघ्याचा सांधा आणि पेशंटच्या गुडघ्याचा सांधा एका रेषेत यायला पाहिजे, बोटभर जरी वरखाली झाला तरी प्रत्येक पावलाला कफ, म्हणजे पायाला बांधलेला मशीनचा पट्टा, कातडीवर घासतो. चवडा खाली पडू नये म्हणून बुटाला वर धरणारे पट्टे लागतात.

मग वर उचलतात, पाय ट्रेडमिलपासून सुटतात, मशीन हवेतच दोनचार पावलं चालवून बघतं, आणि मग हळूच खाली सोडतात. हा क्षण घाबरवणारा असतो, पेशंटला आधीच सांगून ठेवा की थांबवायचं बटण हाताशी आहे आणि फिजिओ बाजूला उभा आहे. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी भरपूर. उतरल्यावर मोजे काढून, पँट वर करून कफच्या जागा बघायच्या. लाल वण पंधरावीस मिनिटांत गेला तर हरकत नाही, तसाच राहिला तर पुढच्या वेळी तिथे पॅड आणि फिजिओला सांगणं.

पायरी ६ : पुढचे आठवडे, तीन बटणं

आठवड्यात तीन ते पाच सेशन, प्रत्येकी वीस ते चाळीस मिनिटं चालणं, चार ते आठ आठवडे, असा साधारण बेत असतो. या काळात फिजिओ तीन गोष्टी बदलत राहतो आणि घरच्यांनी त्या समजून घ्याव्यात. वजनाचा आधार, म्हणजे शरीराचं किती वजन दोरीवर आहे. सुरुवात बहुतेक ३० ते ४० टक्क्यांवर होते आणि गुडघा न वाकता सहन होईल तसा तो कमी करत आणायचा. दुसरं, मशीन पायाला किती ढकलतं. पहिल्यांदा पूर्ण, नंतर कमी कमी, म्हणजे पेशंटने स्वतः ओढलं नाही तर पाय मागे राहिला पाहिजे. तिसरं वेग. घरच्यांना वेग वाढलेला दिसला की आनंद होतो पण मी वेग शेवटी वाढवते, आधी आधार कमी, मग ढकलणं कमी. पूर्ण आधार, पूर्ण ढकलणं आणि जोरात वेग, याचा व्हिडिओ छान येतो, मेंदूला त्यातून फार काही मिळत नाही.

पेशंटने काय करायचं? प्रत्येक पावलाला मनात ठरवायचं, गुडघा उचल, टाच टेक, ढकल. बऱ्याच मशीनवर समोर स्क्रीन असते, जोर लावला की रेघ वर जाते, तिचा उपयोग करा. डावी बाजू गेलेल्या काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही, त्यांच्याशी बोलायला त्याच बाजूला उभं राहा. दम इतकाच लागावा की दोन शब्द बोलता येतील. झोप येत असेल, मान टाकली असेल तर मशीन थांबवा, पाय चालतायत म्हणून मिनिटं मोजू नका. आणि रडू आलं, चिडचिड झाली, "नको मला" म्हणाले तर नाटक समजू नका, लकव्यानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, त्याला औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

पायरी ७ : उतरल्याबरोबर जमिनीवर

हार्नेस सोडला, खुर्चीत बसवलं आणि घरी, असं होऊ देऊ नका. पाणी पाजा, पाच मिनिटं टेकू द्या आणि मग समांतर दांड्यांमध्ये किंवा वॉकर घेऊन चार पावलं तरी खऱ्या जमिनीवर. मशीन तोल सांभाळून देतं, दिशा ठरवून देतं. स्वयंपाकघराच्या दारात वळताना यातलं काहीच नसतं, ते वेगळं शिकावं लागतं.

घरी रोज करायची पहिली गोष्ट खुर्चीतून उठणं-बसणं. हात नसलेली, घट्ट, थोडी उंच खुर्ची भिंतीला टेकवून. दोन्ही पावलं गुडघ्याच्या जरा मागे, आणि लकव्याचा पाय चांगल्यापेक्षा बोटभर आणखी मागे, म्हणजे वजन त्याच्यावर घ्यावंच लागतं. पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं, बसताना धपकन नाही. दहा-दहाचे तीन राउंड, जमतील तसे. दुसरी गोष्ट ओट्याला धरून उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर. घरच्यांनी लकव्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, कमरेचा पट्टा धरायचा, काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून उचलायचं नाही. काठी चांगल्या हातात, क्रम असा: काठी, मग लकव्याचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा आधी.

घरसुद्धा बघा. मोरीत ओल, पायपुसणी, उंबरा आणि सपाता, पडतात ते यावरच. पायपुसणी उचला, मागे पट्टा असलेली सँडल द्या, उंबऱ्याला पिवळी पट्टी चिकटवा, संडासात कमोड खुर्ची आणि भिंतीला दांडा लावा. रात्री लघवीला उठताना दिवा हाताशी हवा.

चवडा खाली पडत असेल तर पायाचा स्प्लिंट, ज्याला एएफओ म्हणतात, तो मापाचा करून घ्या. मुंबईत हाजीअलीच्या केंद्र सरकारी संस्थेत, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिनमध्ये, फिजिओथेरपीबरोबर असे स्प्लिंट आणि कॅलिपर बनवणारा विभाग आहे.

मशीन जवळ नसेल तर

नांदेड, रत्नागिरी, गडचिरोलीहून लोक विचारतात, आमच्याकडे रोबोट नाही, आता काय? २०११ मध्ये अमेरिकेतला लीप्स नावाचा अभ्यास आला, ४०८ पेशंट. एका बाजूला हार्नेसने टांगून ट्रेडमिलवर चालवलेले, दुसऱ्या बाजूला घरीच फिजिओ येऊन ताकद आणि तोलाचे व्यायाम करून घेतलेले, दोन्हीकडे ९० मिनिटांची ३६ सेशन. वर्षाने बघितलं तर दोन्हीकडचे लोक सारखेच सुधारले. तो ट्रेडमिल रोबोटिक नव्हता, फिजिओ हाताने पाय टाकून देत होते, हे लक्षात ठेवा. पण त्या घरच्या व्यायामाला मात्र कुणी कमी लेखू नये. दागिने मोडू नका म्हटलं ते यासाठी. तालुक्याच्या गावातला फिजिओ आठवड्यात तीनदा घरी येत असेल आणि उरलेल्या दिवशी मुलगा-सून उठण्या-बसण्याचे राउंड करून घेत असतील तर पेशंट वाऱ्यावर नाहीये.

केव्हा थांबायचं

छातीत दुखलं, घाम फुटला, चक्कर आली, कफखाली जखम झाली, गुडघा-खुबा नव्याने दुखायला लागला तर त्या दिवसाचं सेशन बंद. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दुसरा हात-पाय जड पडला तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे सेंटरच्या माणसाची वाट बघत बसू नका. लक्षणं कितीला सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा.

आणि मशीनच कधी बंद करायचं? दर दोन आठवड्यांनी तेच तीन मोजमाप परत घ्या. सलग दोनदा आकडा हलला नाही आणि आधार-ढकलणंही कमी करता आलं नाही, तर फिजिओ आणि डॉक्टरांसोबत बसा. कधी कारण पायाच्या ताठरपणात असतं, बोटॉक्सच्या इंजेक्शनने किंवा औषधाने तो सैल होतो, कधी स्प्लिंट चुकीचा असतो, कधी झोपेच्या गोळीने पेशंट दिवसभर गुंगीत असतो. ते सापडलं तर सुधारून पुढे चला. दुसरं कारण आनंदाचं. पेशंट एका माणसाच्या हलक्या आधाराने जमिनीवर चालायला लागला की मशीन सोडा आणि उरलेली सेशन्स जमिनीवरच्या चालण्याला, वळण्याला, जिन्याला, रिक्षात चढण्या-उतरण्याला वापरून घ्या. पॅकेज शिल्लक आहे म्हणून परत हार्नेसमध्ये टांगू नका, सेंटरला सांगून ती फिजिओथेरपीत बदलून मागा.